उभयचर एटीव्ही धरणातील बेटावर नेताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाथसागराच्या, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या, फुगवट्यातील बेटांवर किंवा पाण्याने वेढलेल्या वस्तीवर सहा अथवा आठ चाकांची, पाण्यावर तरंगणारी गाडी, म्हणजे उभयचर एटीव्ही (खडबडीत जमिनीवर चालणारी छोटी गाडी), कशी न्यावी, याची विचारणा शेतकरी, बचाव पथकांतील कार्यकर्ते, पक्षी-अभ्यासक आणि मच्छीमार संस्थांचे पदाधिकारी सातत्याने करत असतात. त्या प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. उदाहरणे प्रामुख्याने पैठण व गंगापूर तालुक्यांतील काठांची आहेत.

गाडी जर पाण्यावर तरंगते, तर तिला तराफ्यावरून वाहून नेण्याची गरजच काय?

हा प्रश्न सर्वांत आधी विचारला जातो आणि तो रास्त आहे. गाडी तरंगते हे खरे, परंतु तरंगणे आणि पाणी पार करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या गाडीला सहसा पंखा किंवा सुकाणू नसते. टायरवरील खोल नक्षी पाणी मागे लोटते आणि तेवढ्याच बळावर गाडी ताशी चार-पाच किलोमीटर वेगाने पुढे सरकते. शांत तळ्यात हा वेग पुरतो. पंचावन्न किलोमीटर लांब आणि काही ठिकाणी सत्तावीस किलोमीटर रुंद असलेल्या जलाशयात, जेथे वाऱ्याला अडवणारे काहीच नाही, तेथे तो पुरेलच असे नाही.

आमचे मत असे की या गाडीचा खरा उपयोग पाण्यात नाहीच. तो पाणी आणि टणक जमीन यांच्या मधल्या चिखलाच्या पट्ट्यात आहे. पाणी ओसरले की उघड्या पडणाऱ्या त्या पट्ट्यात होडी येऊ शकत नाही, कारण तिला पुरेसे पाणी मिळत नाही, आणि ट्रॅक्टर जाऊ शकत नाही, कारण काळ्या मातीच्या गाळात तो चाकाच्या आसापर्यंत रुततो. माणूस उतरला तर गुडघाभर जातो. मोठे अंतर तराफ्याने किंवा होडीच्या मदतीने कापावे आणि हा पट्टा मात्र गाडीला स्वतः पार करू द्यावा, हे या पानावरील बहुतेक उत्तरांचे सूत्र आहे.

ही गाडी इतर एटीव्हींपेक्षा वेगळी कशी?

चार चाकांची साधी एटीव्ही पाण्यात बुडते. उभयचर गाडीचे अंग म्हणजे जाड प्लास्टिकची बंद नाव असते आणि तिच्या दोन्ही बाजूंनी आस बाहेर काढून चाके बसवलेली असतात. कॅनडातील ‘आर्गो’ ही या प्रकारातील जुनी आणि जगभर माहीत असलेली गाडी; ती १९६७ पासून बनते. टायर फुगीर असतात व त्यांत हवा अगदी कमी ठेवतात: मोटारीच्या टायरमध्ये तीस पीएसआयच्या आसपास दाब असतो, तर येथे तो पाच पीएसआयच्या आसपास असतो. वजन अनेक चाकांवर विभागले गेल्यामुळे जमिनीवर पडणारा भार चालणाऱ्या माणसाच्या पावलापेक्षाही कमी भरतो. वळण्यासाठी एका बाजूची चाके थांबवून दुसऱ्या बाजूची फिरवावी लागतात, त्यामुळे जमिनीवर गाडी जागच्या जागी वळते, पण पाण्यात हेच वळण फार संथ आणि रुंद होते.

याहून मोठ्या गाड्याही आहेत. भारतीय लष्कराने घेतलेली ‘एटोर एन १२००’ ही माणसाच्या उंचीएवढ्या टायरांची गाडी ऑगस्ट २०२५ मध्ये पंजाबातील पुरात लोकांना बाहेर काढण्यासाठी वापरली गेली. तिचे वजन दोन टनांहून अधिक असल्याने खाली दिलेला ड्रमच्या तराफ्याचा हिशेब तिला लागू होत नाही. येथील उत्तरे सहाशे ते सातशे किलो वजनाच्या, सुमारे दहा फूट लांबीच्या आठ चाकी गाडीला धरून आहेत.

स्वतःच्या बळावर किती अंतर पाण्यातून जावे?

काठ समोर स्पष्ट दिसतो, पाण्यावर लाट नाही, सोबत होडी आहे आणि अंतर दोन-तीनशे मीटर आहे, अशा वेळी गाडीने स्वतः जाण्यास हरकत नसावी. त्यापुढे हिशेब बदलतो. समजा बेट दीड किलोमीटरवर आहे. ताशी चार किलोमीटर वेगाने तेथे पोहोचण्यास साधारण तेवीस मिनिटे लागतील. वाऱ्याने गाडीला ताशी केवळ एक किलोमीटर वेगाने बाजूला ढकलले, तरी तेवढ्या वेळात ती पावणेचारशे मीटर भरकटेल. नाकासमोर ठेवलेली उतरण्याची जागा तोवर मागे राहिलेली असेल आणि पुढे दगडी कडा आहे की बेशरमाचे रान, हे तेथे गेल्यावरच कळेल. वारा समोरून असेल तर इंजिन जोरात आणि गाडी जागेवर, अशी अवस्था होते.

गाडीच्या मागे लहान आउटबोर्ड इंजिन लावण्याची सोय काही मॉडेलना असते. त्याने वेग थोडा वाढतो आणि दिशा बरीच आटोक्यात राहते; मात्र ते वजन मागच्या टोकाला येते, हे विसरू नये.

निघण्यापूर्वी वाऱ्याचा अंदाज कसा घ्यावा?

भार भरलेल्या गाडीचा कठडा पाण्यापासून जेमतेम वीतभर वर राहतो. फूटभर उंचीची लाट आत येण्यास एवढे अंतर पुरेसे आहे, म्हणून पाण्यावर पांढरा फेस दिसू लागला असेल तर निघू नये. नाथसागर विस्ताराच्या मानाने उथळ आहे, आणि उथळ पाण्यावरची लाट आखूड व उभी असते. ती मोठ्या दर्यावरील लाटेसारखी गाडीला उचलत नाही, तर थेट आत कोसळते. काठावर झाडांच्या आडोशाने वारा जाणवत नाही. त्यामुळे पाण्याचा रंग काठाजवळ नव्हे, तर मधोमध पाहावा.

हिवाळ्यातील सकाळ सर्वांत शांत असते, पण त्याच वेळी धुके असते. धुके पूर्ण निवळल्याखेरीज निघू नये, कारण पाण्यात दिशा चुकली तर ती चुकल्याचे लवकर लक्षातच येत नाही. मार्च ते मे या काळात सकाळ बरी, दुपार वाईट. वळवाच्या ढगाने ईशान्येला किंवा दक्षिणेला काळोखी धरली की अर्ध्या तासात चित्र पालटते आणि विजा उघड्या पाण्यावरील एकट्या गाडीला सोडत नाहीत. जून ते सप्टेंबर या महिन्यांत पश्चिमेचा वारा दिवसचे दिवस थांबत नाही. त्या काळात आपत्कालीन कामाखेरीज गाडी पाण्यात घालूच नये. मच्छीमार जर होड्या काढत नसतील, तर मोबाइलवर हवामान काहीही सांगत असले तरी आपणही थांबावे.

बेटाला ‘बेट’ म्हणावे असे पाणी वर्षभर असते का?

नाही, आणि येथेच अनेकांची योजना फसते. जायकवाडी धरणाचे भूमिपूजन १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाले आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधी यांनी ते राष्ट्राला अर्पण केले. तेव्हापासून या जलाशयाचे काठ ठरलेले असे नाहीतच. समुद्रसपाटीपासून १५२२ फूट ही पूर्ण संचय पातळी. पावसाळ्याच्या अखेरीस पाणी तेथे पोहोचले तर बेटे लहान आणि स्वच्छ कडांची असतात; सिंचनाची आवर्तने आणि उन्हाळ्यातील बाष्पीभवन यांमुळे पातळी उतरत जाते, तशी बेटे पसरतात, एकमेकांना मिळतात आणि काही तर मुख्य काठाला जोडली जातात. फुगवट्याचा तळ बऱ्याच ठिकाणी इतका सपाट आहे की दोनशे फुटांना एक फूट उतार धरला, तर पाणी एक फूट उतरताच दोनशे फूट रुंदीचा ओला पट्टा उघडा पडतो. त्याच पट्ट्यावर पुढे हरभरा, गहू, टरबूज अशी गाळपेर होते.

म्हणून मागील वर्षी वापरलेली उतरण्याची जागा यंदा तशीच असेल, असे गृहीत धरू नये. धरणाची दैनंदिन पातळी जलसंपदा विभागाकडून जाहीर होते. ती टिपून ठेवावी आणि नेण्याच्या व परत आणण्याच्या दिवशीची पातळी वेगळी असेल हे धरूनच नियोजन करावे.

गाडी काठापर्यंत कशी आणावी?

ही गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवण्यासाठी नाही. नोंदणी व क्रमांकाशिवाय ती रस्त्यावर आणू नये, ती वाहनातूनच आणावी. छोट्या हत्तीचा हौदा साधारण सात फुटांचा, त्यामुळे दहा फुटांची गाडी त्यात बसत नाही. मोठा पिकअप, आयशर टेम्पो किंवा रुंद ट्रॉली वापरावी. फळ्या लावून चढवण्यापेक्षा शेताच्या बांधाला किंवा कालव्याच्या भरावाला टेम्पो मागून टेकवावा. हौदा आणि बांध एका पातळीत आले की गाडी सरळ आत जाते आणि फळी घसरण्याचा प्रश्न उरत नाही.

ड्रमचा तराफा करायचा तर ड्रम किती लागतील?

हिशेब सोपा आहे. गाडी सातशे किलो, सोबतची तीन माणसे सुमारे दोनशे दहा किलो, आणि तराफ्याची चौकट, फळ्या व ड्रम मिळून चारशे किलो धरले, तर एकूण भार तेराशे दहा किलो होतो. दोनशे लिटरचा एक प्लास्टिकचा ड्रम पूर्ण बुडवला तर जवळपास दोनशे किलो भार उचलतो, परंतु तेवढ्यावर विसंबणे म्हणजे तराफा पाण्याच्या पातळीलाच नेऊन ठेवणे. निम्मीच क्षमता हिशेबात धरावी. म्हणजे तेरा-चौदा ड्रम निघतात. आम्ही सोळा सुचवतो, आठ-आठच्या दोन रांगांत. तेवढे ड्रम असतील तर प्रत्येकावर सुमारे ब्याऐंशी किलो भार येतो, आडवा बांधलेला ड्रम नऊ-दहा इंचच बुडतो, आणि दीड फूट पाण्यातही तराफा मोकळा तरंगतो.

ड्रमच्या दोन रांगा एकमेकींपासून शक्य तितक्या दूर बांधाव्यात, कारण तराफा उलटण्याची भीती भारापेक्षा अरुंदपणामुळे अधिक असते. प्रत्येक ड्रमचे झाकण रबरी वायसर घालून घट्ट करावे आणि आदल्या रात्री पाण्यात दाबून बुडबुडे येतात का ते पाहावे. औषध किंवा रसायन भरलेले जुने ड्रम धुऊनसुद्धा वापरू नयेत. याच जलाशयातून छत्रपती संभाजीनगर आणि जालना या शहरांना पिण्याचे पाणी जाते.

थर्माकोलवर मात्र एवढा भार कधीही टाकू नये. गंगापूर तालुक्यातील भिवधानोरा येथील मुले थर्माकोलच्या तराफ्यावरून शाळेत जात असल्याच्या बातमीची औरंगाबाद खंडपीठाने २०२२ मध्ये स्वतःहून दखल घेतली होती. माणसे नाइलाजाने त्यावरून जातात, म्हणून ते साधन सुरक्षित ठरत नाही.

गाडी तराफ्यावर चढवताना काय काळजी घ्यावी?

संपूर्ण कामात सर्वाधिक सावधगिरी लागते ती याच पाच मिनिटांत. पुढची चाके तराफ्याच्या कडेवर चढताच दोन गोष्टी एकाच वेळी घडतात: सगळा भार त्या एका कडेवर येऊन ती खाली दबते आणि चाके तराफ्याला मागे, म्हणजे पाण्याकडे, लोटतात. तराफा सुटला की गाडीची पुढची चाके त्यावर, मागची काठावर आणि पोट मधल्या फटीत, असा प्रसंग येतो.

तराफ्याची काठाकडील कड जमिनीला टेकलेली असावी आणि पाण्याकडील कड तरंगत असावी. दोन्ही कोपऱ्यांतून निघणारे सोल (जाड दोर) काठावर खोल ठोकलेल्या पहारींना किंवा बाभळीच्या बुंध्याला तिरपे ताणून बांधावेत. एकाच मध्यभागी बांधलेला दोर चालत नाही, कारण तराफा त्याभोवती फिरतो. फळ्या तराफ्याला खिळलेल्या असाव्यात, नुसत्या टेकवलेल्या नसाव्यात. चालकाने सर्वांत खालच्या गिअरमध्ये, थांबत-थांबत, परंतु मागे न येता गाडी चढवावी आणि समोर उभ्या असलेल्या एकाच माणसाच्या खुणेकडे पाहावे. काठावरून चौघांनी चार सूचना ओरडण्याची आपली सवय या वेळी आवरावी. गाडी मधोमध आल्यावर जमिनीला टेकलेली कड आपोआप सुटते. सुटली नाही तर पाणी कमी आहे असे समजून बांबूने रेटावे, गाडी पुढे-मागे हलवून नव्हे.

तराफ्यावर गाडी घट्ट बांधून ठेवावी का?

चाकांना पुढून-मागून लाकडी ओंडके लावावेत आणि गाडी बांधावीही, पण गाठ अशी असावी की एका हिसक्यात सुटेल, आणि जवळ धारदार कोयता ठेवावा. कारण असे की तराफा बुडू लागला तरी गाडी स्वतः तरंगू शकते. तिला तराफ्याशी जखडून ठेवले तर तो तिला सोबत खाली नेईल. याच कारणासाठी गाडीच्या तळातील, पाणी काढून टाकण्याच्या भोकांची बुचे तराफ्यावर चढवण्यापूर्वीच बसवलेली असावीत. प्रवासात गाडीत कोणीही बसू नये, इंजिन बंद असावे, आणि पेट्रोलचा कॅन तराफ्यावर नसावा; टाकी काठावर, पाण्यापासून दूर भरून घ्यावी.

तराफा ओढण्यासाठी होडी पुढे असावी की बाजूला?

अंतर थोडे असेल तर होडी तराफ्याच्या बाजूला घट्ट बांधून दोन्ही मिळून एकच नाव असल्यासारखी चालवावी. वळणे आणि थांबणे दोन्ही सोपे जाते. लांब दोराने मागे ओढला तर होडी थांबल्यावरही तराफा पुढे येत राहतो आणि होडीवर आदळतो. लाट असेल तेव्हा मात्र दोन्ही एकमेकांवर आपटतात, आणि मग दोराने ओढण्यावाचून इलाज नसतो. अर्थात तेवढी लाट असेल तर निघायचेच नाही, हे वर आलेच आहे.

लहान ओढ्याचे किंवा शे-दीडशे मीटरचे पाणी असेल तर दोन्ही काठांना सोल ताणून तराफा हाताने ओढत नेता येतो. त्या दोराला फडकी बांधावीत आणि काम होताच तो काढून घ्यावा. सायंकाळी परतणाऱ्या मच्छीमाराच्या गळ्याशी तो येऊ शकतो.

पाण्याखाली कोणते अडथळे असतात?

धरणाच्या पोटात गावे, मळे आणि रस्ते गेले आहेत. पाणी उतरत असताना पडक्या भिंती, विहिरींचे कठडे आणि बाभळीचे वठलेले बुंधे पृष्ठभागाच्या फूटभर खाली येतात आणि दिसत नाहीत. प्लास्टिकच्या तळाला बुंध्याचे टोक लागले तर भोक पडते. ज्यांची शेती तेथे होती, त्या वयस्कर मंडळींना विहीर कोठे होती हे अजून नेमके ठाऊक असते. आधी त्यांना विचारावे.

दुसरा अडथळा विजेचा, आणि तो अधिक घातक. काठालगत शेतकऱ्यांच्या पाण्यातील मोटारी, तरंगते पाइप आणि जोड दिलेल्या केबल पसरलेल्या असतात. जोडावरची चिकटपट्टी सुटलेली असेल आणि गाडीचे चाक त्यावरून गेले, तर पाण्यात उभ्या असलेल्या माणसाला धक्का बसू शकतो. गाडी ज्या जागेतून जाणार त्या जागेतील मोटारी बंद केल्याची खात्री स्टार्टरच्या पेटीपाशी माणूस उभा करून घ्यावी.

तिसरा अडथळा जाळ्यांचा. नायलॉनचे जाळे फिरत्या आसाभोवती गुंडाळले की मिनिटभरात दोरखंडासारखे घट्ट होते, बेअरिंगच्या कडेचे रबरी सील कापते, आणि तेथून पाणी आत येऊ लागते. वरून काहीच दिसत नाही. गाडी एका बाजूला ओढू लागली तर हीच शंका घ्यावी. जलपर्णीचेही थोड्याफार फरकाने तसेच. जाळे फाटले तर त्याची भरपाई तेथल्या तेथे द्यावी. मच्छीमारांशी संबंध बिघडवून या पाण्यात कोणतेही काम होत नाही.

पाण्यातून काठावर चढताना गाडी मागे का बुडते?

पुढची चाके जमिनीला लागून वर चढू लागतात तेव्हा मागचा भाग अजून तरंगत असतो. नाक उचलले जाते तसे शेपूट खाली जाते, आणि मागे माणसे किंवा सामान असेल तर पाणी मागच्या कठड्यावरून आत येते. उतार जितका उभा, तितका हा धोका मोठा. म्हणून चढण्यासाठी सपाट उताराची जागा निवडावी, काठाला काटकोनात यावे, सामान पुढे सरकवावे आणि बसलेल्यांनी पुढे झुकावे. पाण्यात उतरताना याच्या उलट होते: उभ्या कडेवरून वेगाने उतरल्यास पाणी नाकावरून आत शिरते.

ऊन-पावसासाठी गाडीला छत किंवा ताडपत्री लावावी का?

पाण्यात असताना नाही. अमेरिकेत १ मे १९९९ रोजी आर्कान्सा राज्यातील लेक हॅमिल्टनमध्ये एक उभयचर पर्यटक-वाहन सील गळून बुडाले आणि १३ जण मृत्युमुखी पडले; छतामुळे लोकांना वर येता आले नाही. १९ जुलै २०१८ रोजी मिसूरी राज्यात टेबल रॉक लेकमध्ये वादळात अशाच वाहनातील ३१ पैकी १७ जणांचा बळी गेला. ती वाहने आपल्या गाडीपेक्षा कितीतरी मोठी होती, पण छताखाली अडकण्याचा धोका दोन्हींकडे सारखाच आहे. लाइफ जॅकेट प्रत्येकाने अंगात घालावे. मांडीखाली घेऊन बसू नये. पाण्यात असताना सीटबेल्ट लावू नये.

कोणत्या परवानग्या लागतात?

जलाशय जलसंपदा विभागाच्या, म्हणजे गोदावरी मराठवाडा पाटबंधारे विकास महामंडळाच्या अखत्यारीत येतो, त्यामुळे धरणाच्या संबंधित उपविभागाची लेखी परवानगी पहिली. जायकवाडी १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार अभयारण्यात प्रवेशासाठी वन विभागाच्या वन्यजीव शाखेची परवानगी आवश्यक असते. यंत्रावर चालणाऱ्या होडीला अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ लागू होतो. आपली गाडी त्या व्याख्येत बसते का, याचे उत्तर तोंडी न घेता लेखी घ्यावे. धरणाची भिंत, २७ दरवाजांचा सांडवा, जलविद्युत केंद्र आणि पाणीपुरवठ्याच्या जॅकवेल (पाणी उपसण्याच्या विहिरी) यांच्या जवळपासही जाऊ नये, परवानगी असो वा नसो.

अर्जात गाडीचे वजन, माणसांची संख्या, तारीख, निघण्याची व उतरण्याची जागा आणि सोबतच्या होडीचा तपशील लिहावा. ‘पाहणीसाठी’ एवढेच लिहिलेला अर्ज टेबलावर पडून राहतो.

पक्ष्यांना त्रास होतो का?

होतो. हिवाळ्यात रोहित, बदके आणि इतर स्थलांतरित पक्षी उथळ पाण्यात आणि चिखलात, म्हणजे नेमके या गाडीच्या वाटेवर, चरत असतात. उन्हाळ्यात तर टिटवी आणि नदी सुरय उघड्या बेटांवर जमिनीवरच अंडी घालतात. ती खड्यांमध्ये खडा दिसावीत अशी असतात, आणि चालकाच्या जागेवरून दिसणे शक्यच नाही. मार्च ते मे या काळात बेटावर गाडी चालवायची असेल तर एक माणूस पुढे पायी चालवावा. पक्षी डोक्यावर घिरट्या घालून ओरडू लागले की तेथून मागे फिरावे.

पुरात अडकलेल्या लोकांना काढण्यासाठी ही गाडी वापरावी का?

वाहत्या पाण्यात नाही. ताशी चार किलोमीटर वेगाची गाडी त्याहून वेगाने वाहणाऱ्या नदीत चालत नाही, ती वाहून जाते. सप्टेंबर २०२५ मध्ये धाराशिव, बीड आणि लातूर जिल्ह्यांत आलेल्या पुरासारख्या वेळी नद्यांची धार ही बोटी आणि हेलिकॉप्टर असलेल्या प्रशिक्षित दलांचीच कामगिरी आहे. पाणी ओसरल्यानंतर मात्र चित्र वेगळे असते: साचलेले संथ पाणी, वाहून गेलेले रस्ते आणि शेतांत फूटभर गाळ अशा वेळी औषधे, चारा व पिण्याचे पाणी वस्तीपर्यंत नेण्यास हिच्यासारखे दुसरे वाहन नाही.

मांजरा, माजलगाव किंवा येलदरी या धरणांत हीच पद्धत चालेल का?

हिशेब तोच, काठ वेगळे. काठ जितका उभा, तितकी चढण्याची जागा आधी पायी पाहून ठरवणे महत्त्वाचे. एका जलाशयातून दुसऱ्यात नेण्यापूर्वी गाडी कोरड्या जागी पूर्ण धुऊन वाळवावी. आसाला अडकलेला जलपर्णीचा एक तुकडाही नव्या धरणात पसरण्यास पुरेसा असतो.

एवढे करूनही गाडी गाळात रुतली तर?

चाके फिरवत राहू नये. प्रत्येक फेऱ्यात ती आणखी खाली जाते. माणसे व सामान उतरवावे, टायरमधील हवा उत्पादकाने सांगितलेल्या किमान दाबापर्यंत कमी करावी, आणि चाकांपुढे तुराट्या, पऱ्हाट्या किंवा बाजेच्या आकाराच्या बांबूच्या तट्ट्या टाकाव्यात. ओढायचे झाल्यास आलेल्या वाटेनेच मागे ओढावे, कारण ती वाट किमान माहीत असते. उतरलेल्या माणसांनी कमरेला दोर बांधलेला असावा.

इंजिनात पाणी गेले तर बेटावरच दुरुस्ती करता येते का?

बटण दाबून पाहण्याचा मोह टाळावा. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवले तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि बेटावर होऊ शकणारी दुरुस्ती कारखान्यात जाते. आधी बॅटरीची तार काढावी, नंतर स्पार्क प्लग काढावा. बॅटरी पुन्हा जोडून, प्लगची तार बाजूला करून, इंजिन प्लगशिवाय काही वेळ फिरवावे म्हणजे पाणी भोकातून बाहेर येते. त्या वेळी समोर कोणी वाकून पाहू नये. एअर फिल्टर वाळवावा किंवा बदलावा. ऑइल मापण्याची पट्टी बाहेर काढून पाहावी: तेल दुधाळ दिसले तर ते पूर्ण बदलल्याशिवाय इंजिन सुरू करू नये, आणि काढलेले तेल डब्यात भरून परत आणावे, बेटावर किंवा पाण्यात ओतू नये. या कामासाठी प्लगचा पाना, एक जास्तीचा प्लग आणि पुरेसे ऑइल गाडीसोबत नव्हे, तर सोबतच्या होडीत ठेवावे.